प्लगइन जोडताना अधिकार कोणाला किती द्यायचा?

३१ जुलै २०२४ रोजी देशातल्या सुमारे तीनशे लहान बँकांच्या खातेदारांचे यूपीआयसारखे व्यवहार अडकले. या बँकांमध्ये सहकारी आणि ग्रामीण बँकाच प्रामुख्याने होत्या. त्यांना तंत्रज्ञान पुरवते सी-एज टेक्नॉलॉजीज, म्हणजे टीसीएस आणि स्टेट बँक यांनी मिळून उभी केलेली कंपनी. तिच्या यंत्रणेत रॅन्समवेअर शिरल्याचे कळताच नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने तिला आपल्या जाळ्यापासून तोडले आणि तपासणी करून १ ऑगस्टला पुन्हा जोडून घेतले. पुढे क्लाउडसेक या सायबर सुरक्षा कंपनीने हल्ल्याचा माग काढला. त्यांच्या विश्लेषणानुसार सुरुवात झाली ती सी-एजसोबत काम करणाऱ्या ब्रॉन्टू टेक्नॉलॉजी सोल्युशन्स या कंपनीतल्या एका सर्व्हरवरून. त्यावर जेनकिन्स नावाचे सॉफ्टवेअर चालत होते. त्याची मांडणी सदोष होती, आणि सहा महिन्यांपूर्वी जाहीर झालेली सुरक्षेतली एक उणीव त्यात तशीच राहिली होती.

जेनकिन्सचा बँकेच्या व्यवहारांशी थेट संबंध नसतो. सॉफ्टवेअर तयार करताना जी अवजारे लागतात, त्यांना एकमेकांशी जोडणारे ते अवजार आहे. ही जोडणी प्लगइनच्या मदतीने होते. प्लगइन जोडायचे म्हणजे एक फॉर्म उघडायचा, चारपाच चौकटी भरायच्या आणि ‘सेव्ह’ दाबायचे. त्या चौकटींत आपण नेमके काय लिहून देतो, हे समजून घेण्यासारखे आहे.

बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगाव तालुक्यात असलेल्या पिंपळगाव राजासारख्या गावालाही हा विषय आता परका राहिलेला नाही. शेगावला १९८३ पासून श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. या पट्ट्यातली कितीतरी मुले-मुली संगणक शिकून पुण्याला जातात, आणि घरून काम करण्याची मुभा असली की सणावाराला लॅपटॉप घेऊन गावी येतात. त्यांच्या रोजच्या बोलण्यात बिल्ड, टोकन, वेबहुक हे शब्द सारखे येतात. घरच्यांना त्या शब्दांचा अर्थ कळावा आणि शिकणाऱ्यांना त्यामागची जबाबदारी कळावी, यासाठी हा लेख.

आधी बिल्ड म्हणजे काय ते पाहू. चारपाच जणांनी लिहिलेला कोड एकत्र करायचा, त्यातून चालेल असा प्रोग्राम तयार करायचा, आणि तो ठीक आहे का हे चाचण्या लावून पाहायचे, या सगळ्याला मिळून बिल्ड म्हणतात. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये काम करणारे जपानी अभियंते कोह्सुके कावागुची यांच्या कोडमुळे बिल्ड वारंवार तुटायची आणि सहकारी वैतागायचे. म्हणून इतरांना कळायच्या आत चूक आपल्यालाच सांगणारा प्रोग्राम त्यांनी २००४ मध्ये लिहायला घेतला आणि त्याला हडसन हे नाव दिले. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली, तेव्हा नावावर हक्क कोणाचा यावरून तंटा झाला. २९ जानेवारी २०११ रोजी प्रकल्पात काम करणाऱ्यांच्या मतदानाचा निकाल जाहीर झाला. २१४ विरुद्ध १४ मतांनी नाव बदलायचे ठरले आणि हडसनचा जेनकिन्स झाला. कोड सगळ्यांचा असल्यामुळे लोक तो घेऊन नव्या नावाने पुढे जाऊ शकले. मुक्त सॉफ्टवेअरचे मोल सांगायला मला याहून चांगले उदाहरण आठवत नाही.

जेनकिन्सच्या गाभ्यात फार थोडे असते. कोडचा इतिहास जपणाऱ्या गिटशी बोलायलासुद्धा त्याला वेगळे प्लगइन लागते. अशी १,८०० हून अधिक प्लगइन उपलब्ध आहेत आणि त्यांतली कितीतरी स्वयंसेवकांनी लिहिलेली आहेत. खामगावच्या वाचकाला प्लगइन समजायला जलंबचा फाटा पुरेसा आहे. खामगावची कापूस बाजारपेठ आधीपासून होती, मुंबई–नागपूर लोहमार्गही झालेला होता. १८७० मध्ये जलंब ते खामगाव असा सुमारे १३ किलोमीटरचा फाटा टाकला आणि दोन्ही जोडले गेले. बाजार तोच राहिला, मुख्य मार्गही तोच राहिला. मात्र दोन गोष्टी ठरवाव्या लागल्या. रुळांची रुंदी दोन्हीकडे सारखी हवी, आणि जलंबला कोणती गाडी कधी आत घ्यायची याचा अधिकार कोणाच्या तरी हाती हवा. प्लगइनमध्ये रुळांच्या रुंदीचा प्रश्न ते लिहिणाऱ्याने सोडवलेला असतो. अधिकाराचा प्रश्न मात्र तो फॉर्म भरणाऱ्यावर सोपवतो, आणि इथे घाई होते.

एक उदाहरण घेऊ. समजा पिंपळगाव राजातल्या दोघी मैत्रिणींनी खामगाव बाजार समितीतले कापसाचे भाव दाखवणारे ॲप लिहायला घेतले. कोड गिटहब या संकेतस्थळावर एका भांडारात, म्हणजे रेपोत, ठेवला, बिल्डसाठी जेनकिन्स बसवले, आणि कोणते काम कोणाकडे आहे याची नोंद जिरामध्ये केली. गिटहबवर नवा कोड आला की जेनकिन्सने आपोआप बिल्ड करावी आणि निकाल गिटहबवर दिसावा, एवढीच त्यांची अपेक्षा आहे.

पहिला प्रश्न, आधी कोण बोलणार? एक रीत अशी की जेनकिन्सने दर पाच मिनिटांनी गिटहबला विचारायचे, नवे काही आले का. याला पोलिंग म्हणतात. दुसरी रीत अशी की नवे काही आले की गिटहबने स्वतःच निरोप पाठवायचा. हा वेबहुक. वेबहुक चांगला, कारण निरोप लगेच येतो आणि फुकटच्या चकरा वाचतात. पण त्यासाठी गिटहबला जेनकिन्सपर्यंत पोचता आले पाहिजे. घरातल्या लॅपटॉपचा पत्ता बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो आणि तो घरापुरताच असतो, बाहेरच्या जगाला त्या पत्त्यावर काहीच सापडत नाही. मोबाइल हॉटस्पॉटवर अडचण आणखी वाढते, कारण कंपनी एकच सार्वजनिक पत्ता कितीतरी ग्राहकांत वाटून देते. सगळ्या चौकटी बरोबर भरूनही वेबहुक येत नाही, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

यावर राउटरमध्ये वाट उघडून जेनकिन्स साऱ्या जगाला दिसेल असे करायचा सल्ला सहज मिळतो. शिकणाऱ्याने तो ऐकू नये. घरी शिकायचे असेल तर पोलिंग पुरेसे आहे, पाच मिनिटांच्या उशिराने काही बिघडत नाही. वेळापत्रकाच्या चौकटीत मिनिटाच्या जागी इंग्रजी ‘एच’ हे अक्षर वापरता येते. मग जेनकिन्स कामे वेगवेगळ्या मिनिटांवर विखुरतो आणि सगळी कामे एकाच क्षणी गिटहबच्या दारात उभी राहत नाहीत.

जेनकिन्स भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर असेल तर वेबहुक वापरावा. गिटहबच्या सेटिंगमध्ये निरोप कुठे पाठवायचा तो पत्ता लिहायचा असतो. जेनकिन्सच्या गिटहब प्लगइनसाठी हा पत्ता ‘गिटहब-वेबहुक’ या शब्दांनी संपतो आणि त्यानंतर एक तिरकी रेघ असते. ही शेवटची रेघ गाळली की निरोप पोचत नाही, आणि त्या पायी अनेकांची अख्खी संध्याकाळ गेलेली आहे. अशा वेळी जेनकिन्समधली बटणे दाबत बसण्याआधी गिटहबवरची अलीकडे पाठवलेल्या निरोपांची यादी उघडावी. प्रत्येक निरोपात काय होते आणि समोरून कोणते उत्तर आले, हे तिथे दिसते. २०० आले तर निरोप पोचला. ४०३ आले तर दारात अडवला गेला. काहीच आले नाही तर वाटच बंद आहे. गिटहब उत्तरासाठी दहा सेकंद थांबते, आणि फसलेला निरोप आपण होऊन पुन्हा पाठवत नाही. म्हणून रात्री सर्व्हर बंद राहिला असेल तर सकाळी ही यादी बघून राहिलेले निरोप हाताने पाठवावे लागतात.

दुसरा प्रश्न, निरोप खरोखर गिटहबचाच आहे कशावरून? वेबहुकचा पत्ता ज्याला कळेल तो त्यावर काहीही पाठवू शकतो. यासाठी ‘सीक्रेट’ नावाची चौकट असते. ती रिकामी ठेवली तरी जोडणी चालते, म्हणून ती रिकामीच राहते. या चौकटीत लांबलचक, अंदाज न येणारा शब्द घालायचा आणि तोच शब्द जेनकिन्सलाही सांगायचा. निरोप पाठवताना गिटहब संपूर्ण मजकूर आणि हा शब्द मिळून गणिताने एक सही काढते आणि ती निरोपासोबत जोडते. जेनकिन्सही तेच गणित करून पाहतो. दोन्ही सह्या जुळल्या तर निरोप खरा. मजकुरातले एक अक्षर जरी मध्ये कोणी बदलले तरी सही जुळत नाही. यातली सुंदर गोष्ट अशी की निरोपासोबत गुपित शब्द एकदाही तारेवरून जात नाही. दोघांनाही तो ठाऊक आहे, एवढेच सिद्ध होते.

तिसरा प्रश्न सगळ्यांत मोठा आहे. जेनकिन्स जेव्हा गिटहबकडे जाईल तेव्हा तो कोणाच्या नावाने जाईल, आणि तिथे त्याला काय काय करता येईल? १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहबने अशा कामासाठी पासवर्ड घेणे बंद केले, आता टोकन, म्हणजे पासवर्डच्या जागी चालणारी लांबलचक खूण, लागते. जुन्या पद्धतीच्या टोकनमध्ये ‘रेपो’ या एकाच चौकटीवर खूण केली की त्या माणसाच्या पोचेतल्या सगळ्या खासगी रेपोंमध्ये वाचण्याचा आणि लिहिण्याचा अधिकार मिळतो. कापसाचे भाव दाखवणाऱ्या ॲपची बिल्ड करायला एवढा अधिकार कशाला? नव्या पद्धतीच्या टोकनमध्ये रेपो एकेक निवडता येतो, परवानगी एकेक देता येते आणि मुदतही घालता येते. आपल्या दोघींना कोड वाचायची परवानगी पुरे, आणि निकालाची हिरवी-लाल खूण लावण्यासाठी कमिटची, म्हणजे कोडमधल्या नोंदवलेल्या बदलाची, स्थिती लिहिण्याची तेवढी परवानगी. वेबहुक जेनकिन्सनेच तयार करावा अशीही सोय प्लगइनमध्ये असते, पण त्यासाठी रेपोचे वेबहुक तयार करण्याचा आणि बदलण्याचा अधिकार द्यावा लागतो. माझे मत असे की तो देऊ नये. वेबहुक हाताने तयार करायला फार वेळ लागत नाही आणि तो एकदाच करायचा असतो. दिलेला अधिकार मात्र टोकन जिवंत असेपर्यंत राहतो.

टोकन कोणाच्या नावावर आहे, याचाही विचार हवा. बहुतेक ठिकाणी ज्याने पहिल्यांदा जोडणी केली त्याचे वैयक्तिक टोकन वर्षानुवर्षे चालू असते. तो नोकरी सोडतो, त्याचे खाते बंद होते आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या बिल्ड लाल होतात. कारण शोधताना नवी माणसे हैराण होतात. यापेक्षा गिटहब ॲप म्हणून नोंदणी करावी. तेव्हा अधिकार माणसाच्या खात्याला चिकटत नाही, आणि प्रत्यक्ष वापरली जाणारी टोकनेही तासाभराने आपोआप बाद होतात.

मिळालेले टोकन जेनकिन्सच्या क्रेडेन्शियलच्या, म्हणजे गुपिते ठेवण्याच्या, कप्प्यात ठेवायचे आणि बिल्डच्या पायऱ्या लिहिलेल्या जेनकिन्सफाइलमध्ये फक्त त्याचे नाव लिहायचे. कोणी टोकन थेट फाइलमध्ये लिहिते, मग चूक लक्षात आल्यावर खोडून नवा कमिट करते. पण गिट जुने काहीच विसरत नाही. खोडलेली ओळ इतिहासात तशीच राहते आणि रेपो ज्याला दिसतो त्याला ती वाचता येते. असे झाले तर ते टोकन ताबडतोब रद्द करणे हाच उपाय. बिल्डच्या नोंदीत, म्हणजे लॉगमध्ये, टोकन छापले जाऊ नये म्हणून जेनकिन्स त्या जागी तारे छापतो, पण तेच टोकन दुसऱ्या रूपात बदलून छापले तर तो ते ओळखत नाही. म्हणून केवळ ताऱ्यांच्या भरवशावर राहू नये.

जिराची जोडणी त्या मानाने सोपी. कमिटच्या संदेशात कामाचा क्रमांक लिहिला की जिरा तो ओळखून त्या कामाखाली कोड आणि बिल्ड दाखवते. क्रमांक लिहायची सवय नसेल तर प्लगइन कितीही नीट जोडलेले असो, दिसणार काहीच नाही.

लिहिण्याचा अधिकार कधीच द्यायचा नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. काही कामांत तोच लागतो. लिबरऑफिसची पडद्यावरची वाक्ये मराठीत आणण्याचे काम वेबलेट नावाच्या अवजारावर चालते. भाषांतर करणारा तिथे मराठी वाक्य लिहितो आणि ते शेवटी कोडच्या भांडारात जाऊन पुढच्या आवृत्तीत लोकांपर्यंत पोचते. आपल्या प्रकल्पासाठी वेबलेट जोडायचे असेल तर त्याला रेपोत लिहिता आले पाहिजे, नाहीतर वाक्ये तिथेच पडून राहतील. तरीही मर्यादा घालता येते. त्याला वेगळी शाखा द्यायची आणि मुख्य शाखेत घेण्याआधी माणसाने नजर टाकायची. ‘एक फाइल’ आणि ‘दोन फाइली’ अशी एकवचन-अनेकवचनाची दोन्ही रूपे भरली आहेत का, आकड्याची जागा दाखवणारी खूण वाक्यातून गळली नाही ना, हे वेबलेट तपासतेच. पण मराठी वाक्य मराठीसारखे वाटते का, ते माणसालाच बघावे लागते.

आता पुन्हा सुरुवातीला सांगितलेल्या जेनकिन्समधल्या उणिवेकडे येऊ. तिचा क्रमांक सीव्हीई-२०२४-२३८९७. आदेश टाइप करून चालवता यावेत म्हणून जेनकिन्समध्ये एक सोय आहे. त्या आदेशात ॲट चिन्ह आणि त्यापुढे फाइलचे नाव आले की त्या जागी फाइलमधला मजकूर भरला जायचा. लांब आदेश लिहिताना सोयीचे जावे म्हणून एका तयार लायब्ररीत ठेवलेली ही रीत जेनकिन्समध्ये आपोआप चालू होती. त्यामुळे बाहेरचा माणूस सर्व्हरवरच्या फाइली वाचू शकत होता. ज्याला वाचण्याची परवानगी होती त्याला पूर्ण फाइल दिसायची, आणि काहीच परवानगी नसलेल्यालाही पहिल्या काही ओळी दिसायच्या. ज्या किल्लीने क्रेडेन्शियल कुलूपबंद केलेली असतात ती किल्लीही सर्व्हरवर फाइलच्याच रूपात असते. म्हणजे एक दार उघडले की जोडलेल्या सगळ्या अवजारांची टोकने हाती लागण्याची शक्यता. २४ जानेवारी २०२४ रोजी जेनकिन्सने दुरुस्त आवृत्त्या प्रसिद्ध केल्या, २.४४२ आणि दीर्घ मुदतीची २.४२६.३. दुरुस्ती फुकट होती. ती बसवायला कोणीतरी वेळ काढायला हवा होता.

ही एकमेव घटना नव्हे. २०२१ मध्ये कोडकव्ह या कंपनीची एक स्क्रिप्ट कोणीतरी गुपचूप बदलली. हजारो प्रकल्प ती आपल्या बिल्डमध्ये चालवत होते. ३१ जानेवारीपासून १ एप्रिलला उघडकीस येईपर्यंत ती त्या बिल्डमधली टोकने आणि पासवर्ड बाहेर पाठवत राहिली. जानेवारी २०२३ मध्ये सर्कलसीआय या सेवेने आपल्या सगळ्या ग्राहकांना साठवलेले प्रत्येक गुपित बदलायला सांगितले. त्यांच्या एका अभियंत्याच्या लॅपटॉपमध्ये शिरलेल्या घातक प्रोग्रामने लॉगिन झालेले सत्रच चोरले होते, त्यामुळे दुहेरी पडताळणीही कामी आली नाही. दोन्ही वेळा हल्लेखोरांचा डोळा कोडपेक्षा जास्त त्या जोडण्यांवर होता. अशा वेळी ज्यांनी कमी अधिकाराची, मुदतीची टोकने दिलेली असतात त्यांचे नुकसान आपोआप मर्यादित राहते.

एक गोष्ट शिकवणीत सहसा कोणी सांगत नाही. जेनकिन्सचे प्लगइन जेनकिन्सच्याच प्रोग्रामच्या आत चालते, त्याच्याच अधिकाराने. म्हणजे बसवलेले पण कधीच न वापरलेले प्लगइनसुद्धा तुमच्या सर्व्हरवर अधिकार असलेला कोड असतो. म्हणून ‘लागेल पुढेमागे’ म्हणून प्लगइन बसवून ठेवू नये. बसवण्याआधी त्याच्या पानावर शेवटची आवृत्ती कधी आली ते बघावे, सुरक्षेचा इशारा लावला आहे का ते बघावे. सांभाळणारा कोणी उरला नसेल तर ‘दत्तक हवे’ अशा अर्थाची खूण तिथे असते. अशी खूण लागलेले प्लगइन पुण्यातल्या एखाद्या कंपनीच्या रोजच्या कामात असेल आणि त्या कंपनीत जावा येणारा तरुण असेल, तर त्याने ते खरोखर दत्तक घ्यावे असे मला मनापासून वाटते. बुलढाण्यातल्या गावात बसूनही हे काम करता येते आणि जगभरातले अनोळखी लोक ते वापरतात.

जोडणी पूर्ण झाली की तिची परीक्षा दोन्ही बाजूंनी घ्यावी. बरोबर निरोप गेल्यावर बिल्ड सुरू होते, हे सगळेच बघतात. चुकीचा सीक्रेट घालून निरोप नाकारला जातो का, तेही बघावे. टोकन वापरून दुसरा खासगी रेपो उघडायचा प्रयत्न करावा, तो उघडता कामा नये. लॉगिन न करता जेनकिन्सचे पान उघडून बघावे, काय काय दिसते. आणि टोकनची मुदत संपायच्या आठवडाभर आधी नवे काढावे, जेनकिन्समध्ये बदलावे, एक बिल्ड चालवून बघावी, मग जुने रद्द करावे. रद्द केलेले टोकन एकदा मुद्दाम वापरावे. गिटहबने ते नाकारले की नव्याची तारीख आणि ते कोणत्या जोडणीसाठी काढले, हे दोघींनाही सापडेल अशा ठिकाणी लिहून ठेवावे.